दर्यातला जागल्या

कृष्णपुऱ्याच्या पुलावर उभे राहिले म्हणजे एका अंगास होळकरांच्या छत्र्या दिसतात आणि खालून कान्ह नदी वाहते. एखाद्या पावसाळ्यात ती रंगात आली तर आली. एरवी तिच्या पाण्याचा कोणी धाक बाळगीत नाही. अशा गावी समुद्राची गोष्ट सांगावयास बसणे म्हणजे मारवाडात मोत्याच्या शिंपा विकण्यासारखे आहे. तथापि आपल्या इंदुरातील जुन्या मराठी घरांतून चौकशी करावी, तर कोणाचे कुलदैवत गुहागरास, कोणाचे मूळ वतन राजापुरास, कोणाची आडनावाची वाडी अलिबागेजवळ. घोड्यामागून आपले पूर्वज माळव्यात आले, येथेच रुजले. पण ज्या किनाऱ्यावरून ते वर चढले, त्या किनाऱ्यावर रात्रीची झोप कशी असे, हे आपण विसरलो. ती झोप राखण्यासाठी समुद्रात एक जागल्या उभा केला होता. त्याचे नाव खांदेरी.

जागल्या हा शब्द आता व्यवहारातून गेला. गाव झोपले की जो जागतो, चोराची चाहूल लागली की हाळी देतो, तो जागल्या. त्याच्या हाती फौज नसते. त्याचे काम एकच : आधी पाहणे आणि वेळेवर सांगणे. खांदेरीचा किल्ला आरंभी याच कामासाठी जन्मास आला, असे मला तो पाहून आणि त्याचा इतिहास वाचून वाटते.

मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोर समुद्रात दोन बेटे दिसतात. अलीकडचे ठेंगणे, सपाट, ते उंदेरी. पलीकडचे दोन टेकाडांचे, ते खांदेरी. नकाशा न पाहताही बेटाच्या माथ्यावर गेले की जागेचे मर्म कळते. उत्तरेकडे मुंबई बंदराचे तोंड. पूर्वेस थळ, नागाव, अलिबागचा किनारा. मुंबईच्या खाडीतून पेण-नागोठण्याकडे जाणारी वाट जवळच. मुंबईहून दक्षिणेस निघालेले किंवा दक्षिणेकडून मुंबईस येणारे गलबत या माथ्यावरच्या डोळ्यांतून सुटणे कठीण. येथे तट नसता, नुसता एक माणूस नजर ठेवून बसला असता, तरी त्याची किंमत एका पलटणीइतकी झाली असती.

मग भय कोणाचे होते? जंजिऱ्याच्या सिद्दीचे. सिद्दी मूळचे हबशी वंशाचे, दर्यावर्दी आणि शूर. विजापूरची चाकरी सोडून सतराव्या शतकाच्या सातव्या दशकात ते मोगलांचे आरमारी सरदार झाले. औरंगजेबाकडून त्यांस पैसा मिळे, गलबते मिळत. शिवाजी महाराजांशी त्यांचे वैर राजकारणाचे होते. परंतु त्याचा भार सोसावा लागे तो किनाऱ्यावरच्या कुणब्याला, कोळ्याला आणि आगऱ्याला. त्यांची रीत अशी : गलबते खाडीत शिरत, माणसे उतरत, उभे पीक आणि घरे जाळीत, हाती लागतील ती बायकामुले धरून नेत आणि गावकरी जमा होईतो भरतीच्या पाण्यावर परत जात. १६७३ साली पेण-नागोठण्याच्या बाजूस अशी नासधूस झाली. त्या मुलखातून मुंबईच्या इंग्रजांना तांदूळ जात असे, म्हणून त्यांनाही तिची झळ लागली. आणि पावसाळा आला की सिद्दीचे आरमार विसाव्याला जाई कोठे? तर त्याच इंग्रजांच्या मुंबईस, माझगावच्या बंदरात. इंग्रज मनातून कुरकुरत. पण मोगल बादशहाच्या रोषाने सुरतेचा व्यापार बुडेल या भीतीने त्यास नाही म्हणण्याची छाती त्यांना होत नसे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की जंजिऱ्याच्या आसऱ्यास राहणाऱ्या राजापुरी-मुरुडच्या गरिबाला विचारले असते, तर त्यानेही आपल्या समुद्राकडे याच भयाने पाहिले असते. फक्त त्याच्या स्वप्नात येणारी गलबते मराठ्यांची असती. लढाईत किनारा कोणाचाही असो, जळते ते गवताचेच छप्पर.

महाराजांनी रोग ओळखला. शत्रूचे आरमार माझगावास नांगरले असता त्याला तेथे जाऊन जाळणे साधत नव्हते. जंजिरा घेणेही साधले नव्हते. तेव्हा मुंबईच्या दारातच आपला माणूस बसवावा, म्हणजे सिद्दीचे शीड हलले की कळेल, हा विचार. १६७२ साली खांदेरीवर कामाचा पहिला प्रयत्न झाला. इंग्रज आणि सिद्दी यांच्या हालचालीमुळे तो तेव्हा सोडावा लागला. सात वर्षांनी, १६७९ च्या ऑगस्टअखेर, ऐन पावसाळ्यात, मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. पावसाळा निवडला यात खोच होती. मोठी जहाजे ज्या दिवसांत बंदर सोडीत नाहीत, त्या दिवसांत होड्यांतून दगड-चुना वाहून तट उभारावयाचा होता.

इंग्रजांनी पत्र लिहिले, की बेट आमच्या मुंबईचे आहे, सोडून जा. मायनाकाने धन्याच्या हुकुमाशिवाय हलण्यास नकार दिला. मग इंग्रजांनी शिबाडे पाठवून बेटाभोवती गस्त घातली. येथून पुढचे चार महिने वाचताना मला एखाद्या चांगल्या जुगलबंदीची आठवण होते. एका बाजूस उंच डोलकाठीची, जड, तोफांची जहाजे. दुसऱ्या बाजूस वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ बुडाच्या होड्या. वारा पडला की मोठे जहाज जागचे हलत नसे. अंधार पडला की थळच्या बाजूने होड्या निघत आणि इंग्रजांच्या गस्तीच्या मधून, खडकांतल्या ओळखीच्या वाटांनी बेटावर पोचत. सकाळी इंग्रज पाहात, तो कालच्यापेक्षा तट वर आलेला असे. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा त्यांचा एक अधिकारी, लेफ्टनंट थॉर्प, मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ नावाचे मोठे लढाऊ जहाज मुंबईहून आले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार नागावच्या बाजूने पहाटे चालून आले. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले, त्यांची लहान गलबते पळाली. एकट्या ‘रिव्हेंज’ने कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांच्या हाताखाली तोंड दिले आणि मराठ्यांची पाच गलबते बुडविली. दोन्ही बाजूंनी आपापला विजय म्हणावा असा तो दिवस. परंतु प्रश्न बेटाचा होता आणि बेट जागचे हलले नाही. पुढे सिद्दीचे आरमार इंग्रजांस येऊन मिळाले, तरी खांदेरी पडली नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तडजोड केली आणि गस्त उठविली.

सिद्दी मात्र स्वस्थ बसला नाही. त्याच जानेवारीत त्याने समोरच्या उंदेरीवर आपला तट घातला. जागल्यासमोर दुसरा जागल्या! पुढे ऐंशी वर्षे ही दोन बेटे एकमेकांकडे डोळे वटारून उभी होती. उंदेरी मराठ्यांच्या हाती आली ती १७६० साली. महाराज त्याच १६८० च्या एप्रिलात गेले. खांदेरी हे त्यांच्या हयातीतील अखेरच्या कामांपैकी एक.

माझ्या घरात पिढीजात गाणे-बजावणे. म्हणून किल्ला पाहावयास गेलो, तरी माझे कान डोळ्यांच्या पुढे चालतात. पहारा हे अर्धे काम कानांचे आहे. धुक्यात आणि अंधारात वल्ह्याचा ठोका, डोलकाठीची करकर, पाण्याचा बदललेला सूर, हे आधी कानाला कळते. आणि कळल्यावर सांगावयाचे, तेही आवाजानेच : तोफ, नौबत, शिंग. तंबोरा सुरात लागलेला असेपर्यंत मैफलीत त्याच्याकडे कोणी पाहात नाही; तो उतरला की सगळ्यांच्या माना वळतात. जागल्याचेही तसेच. ज्या रात्री काही घडले नाही, त्या रात्रीचे श्रेय त्याला कोणी देत नाही.

खांदेरीवर एक नवल आहे. उघड्यावर एक मोठा काळा खडक पडलेला आहे. त्यावर लहान दगडाने टोला दिला, तर दगडाचा बद्द आवाज न येता धातूचा आवाज येतो. पितळी भांडे वाजावे तसा, स्वच्छ आणि मागे थोडा रेंगाळणारा. मी तेथे गेलो तेव्हा बराच वेळ त्याभोवती फिरून ठिकठिकाणी टोले देऊन पाहिले. सर्वत्र सारखा सूर नाही. एके जागी तो भरीव, एके जागी पातळ. बरोबरचा होडीवाला कोळी हसून म्हणाला, “मास्तर, आमच्या वेतालाची भांडी वाजवून बघताय जनू!” बेटावर वेताळाचे देऊळ आहे आणि दर्यावर जाणाऱ्या कोळ्यांची त्याच्यावर फार श्रद्धा. तटावर तोफा पडून आहेत, गंज खात. त्यांचा आवाज केव्हाच गेला. दगड मात्र अजून बोलतो.

आता या जागल्याच्या सर्वांत मोठ्या धन्याकडे वळतो. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल झाले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७२९ साली त्यांचा अंत होईपर्यंत कोकणच्या समुद्रात त्यांच्या नावाचा दरारा राहिला. इंग्रजी पुस्तकांतून त्यांना सरसकट चाचा म्हटलेले आपण शाळेपासून वाचतो. चाच्यांपासून रक्षणासाठी उभारलेला बुरूज, आणि त्यात बसणाराच चाचा! हे कोडे नीट सोडविले पाहिजे.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले तेव्हापासून त्यांनी एक नियम घातला : आमचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्यावाचून कोणीही या समुद्रातून व्यापार करू नये, केला तर जहाज आमचे. इंग्रजही आपले परवाने देत. यास कोणी चाचेगिरी म्हटले नाही. कान्होजींनी तेच केले. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचा दस्तक घ्यावा, हा त्यांचा आग्रह. इंग्रजांनी तो मानला नाही आणि बिनदस्तकाची जहाजे आंग्रे धरू लागले. १७१२ साली तर मुंबईचे गव्हर्नर एसलॅबी यांची खास नौकाच त्यांनी धरली; तीवरील एका इंग्रज विधवा बाईची सुटका पैसे घेऊन झाली. ज्याची बायको किंवा लेक अशा रीतीने अडकली असेल, त्याच्या तोंडी आंग्र्यांविषयी गोड शब्द येणे शक्य नव्हते आणि त्याचे दुःख आपण खोटे म्हणू नये. पण चाचा आणि सरखेल यांत भेद आहे. चाच्याला गाव नसते. तो कोणास उत्तर देत नाही. सरखेलाच्या मागे राज्य असते, शिक्का असतो, रयत असते. त्याच काळात, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सिद्ध झाले. त्यात आरमाराचे प्रकरण स्वतंत्र आहे. जहाजासाठी लाकूड लागले तरी रयतेचे आंबे-फणस तिच्या संतोषावाचून तोडू नयेत, अशी त्यात ताकीद आहे. डोलकाठीच्या हिशेबात जे राज्य फणसाचाही विचार करते, ते चाच्यांचे नव्हे.

१७१८ साली मुंबईचे गव्हर्नर बून यांनी खांदेरीवर मोठे आरमार पाठविले. बेटावर मारा झाला, माणसे उतरविण्याचा यत्न झाला. अखेर इंग्रजांना हात हलवीत परतावे लागले. एकोणचाळीस वर्षांपूर्वी मायनाकाने पावसात रचलेल्या दगडांचे ते चीज झाले.

या सगळ्यात आपले इंदूर कोठे, असे वाचक विचारतील. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईस वेढा घातला, तेव्हा मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे तेथे होते. माळव्याच्या धुळीने माखलेले घोडे खाऱ्या वाऱ्यात उभे राहिले आणि मे महिन्यात वसई पडली. उत्तर कोकणात पोर्तुगीजांनी चौक्या-बुरुजांची जी माळ उभी केली होती, ती तुटली. त्या मोहिमेची आठवण अजून कानांनी घेता येते. वसईकडील चर्चांच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून घाटावर नेल्या, आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची तशी एक घंटा आजही टांगलेली आहे. तिचा नाद आपल्या देवळांतील घंटेसारखा नाही. तो जाड, लांब पोचणारा आहे. समुद्रकाठच्या गावाला हाक घालण्यासाठी ओतलेल्या धातूचा तो आवाज आहे.

पण वसईच्या विजयानंतर सतरा वर्षांच्या आतच आपण एक गोष्ट केली, तिची आठवण विजयाच्या आठवणीइतकी सुखाची नाही. आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी माजली. विजयदुर्गचे तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीतनासे झाले. तेही सरळ नव्हते. त्यांनी आपल्याच मुलखास उपद्रव दिला होता. परंतु नानासाहेब पेशव्यांनी औषध काढले ते रोगाहून जालीम. त्यांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ च्या एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि मराठ्यांचे अर्धे शतक जमविलेले आरमार बंदरात जळून खाक झाले. किल्ला पेशव्यांना परत देण्यासही इंग्रजांनी महिनेच्या महिने लावले आणि बदल्यात बाणकोट ठेवून घेतला. खांदेरीचा तट शाबूत होता, माथ्यावर पहारेकरीही असतील. पण जागल्याने हाळी दिली तर उठून धावणारे आता गावात पुरेसे उरले नव्हते.

मला वाटते, हीच या बेटाची खरी शिकवण. बुरूज हा दगडांचा नसतो. पाहणारा, सांगणारा आणि ऐकून धावणारा, अशा तिघांचा मिळून तो होतो. तिघांतील एक गेला की उरते ती पाहण्याजोगी जागा. आपले सारे लक्ष तेव्हा उत्तरेकडे लागले होते. दिल्ली, अजमेर, अटक ही नावे घराघरांत होती आणि आपली इंदूर-ग्वाल्हेरची वैभवे त्यातूनच उभी राहिली. त्याचा अभिमान मलाही आहे. पण घराचे पुढचे दार शिकविलेल्या घोड्यांनी भरून गेले असता मागचे दार, समुद्राकडचे, आपण आपल्याच हातांनी उघडे टाकले. परका पुढे तेथूनच आत आला. १८४० साली कुलाब्याचे आंग्रे संस्थानही खालसा झाले.

१८६७ साली खांदेरीवर दीपगृह उभे राहिले. तेव्हापासून कामाची दिशा उलटी झाली. पूर्वी बुरूज जहाजांना शोधीत होता. आता जहाजे बुरुजाला शोधू लागली. पूर्वी त्याचा दिवा संकटाचा निरोप असे. आता तोच दिवा सांगतो, की खडक येथे आहे, संभाळून जा. जो समुद्राकडे संशयाने पाहात असे, तो वाटसरूंना वाट दाखवू लागला. जागल्याला म्हातारपणी यापेक्षा चांगले काम कोणते मिळणार?

तथापि पहिले काम अगदी संपले, असे समजण्यात आपण एकदा नव्हे, दोनदा फसलो. १९९३ च्या मुंबईतील स्फोटांची दारू रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी-शेखाडीकडे उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर तुटून पडलेले दहा जण समुद्रातूनच आले आणि मच्छीमारांच्या वस्तीशी उतरले. तेथील लोकांनी त्यांस हटकले होते. म्हणजे पाहणारा तेव्हाही जागा होता. ऐकून धावणाऱ्यापर्यंतची साखळी नव्हती. त्यानंतर किनाऱ्यावरील दीपगृहांवर रडार आणि कॅमेरे बसले, सागरी पोलीस ठाणी वाढली, कोळीवाड्यांतील तरुणांची मदत घेण्यात येऊ लागली. मायनाक भंडाऱ्याला ही सगळी यंत्रे अपरिचित वाटली असती. कोळ्याच्या पोराला पहाऱ्यात घेण्याची कल्पना मात्र त्याला चटकन पटली असती.

१९९८ साली खांदेरीस कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. ज्यांना चाचा म्हणून दोनशे वर्षे नावे ठेवली, त्यांच्या नावाचा दिवा आता सर्व देशांच्या जहाजांना वाट दाखवितो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. रायगड, राजगड, सिंधुदुर्ग यांच्या पंक्तीस हे लहानसे बेटही बसले आहे. पुष्कळांना त्या यादीतील हे नाव नवखे वाटले असेल. इतिहासात जागल्यांची नावे बहुधा शेवटीच येतात.

सुटीत कुलदैवताला म्हणून आपल्यापैकी अनेक घरांचे कोकणात जाणे होते. अलिबागेस गेलात तर थळच्या वाळूत संध्याकाळी घटकाभर उभे राहा. अंधार पडला की समोर दिवा लागतो. एकदा चमकतो, विझतो, थांबतो, पुन्हा चमकतो. मी तेथे उभा असता सवयीने त्याची मात्रा मोजू लागलो होतो. मोजता मोजता लक्षात आले, की मागे थळ गावात घरोघर निजानीज झाली आहे, कुत्रेही भुंकत नाही, आणि दाराला कडी घालावी असेही कोणास वाटलेले नाही.